खबर कोणाच्या हाती द्यायची?

तुरुंगाच्या दारातून माणूस आत जातो तेव्हा त्याच्याबरोबर कागद जातात. वॉरंट जाते, गुन्ह्याचे कलम जाते, झडतीत सापडलेल्या पैशांची आणि घड्याळाची नोंद जाते. त्याच्या मनात काय चालले आहे, ते मात्र बहुधा दाराबाहेरच राहते. समजा, भिवंडीचा एखादा यंत्रमाग कामगार आहे. दोन वर्षांपूर्वी त्याने जीव देण्याचा प्रयत्न केला होता, सरकारी दवाखान्याच्या गोळ्या चालू होत्या. हे त्याच्या आईला ठाऊक आहे, दवाखान्यातल्या डॉक्टरला ठाऊक आहे. कोठडीतल्या हवालदाराने त्याला रात्रभर न झोपता बसलेला पाहिला आहे. अटकेनंतर वैद्यकीय तपासणीही झाली. पण तिची नजर मुख्यतः अंगावरच्या जखमांवर. तिघांकडे तीन तुकडे, आणि ज्या शिपायाला रात्री बराकीवर पहारा द्यायचा आहे, त्याच्या हाती एकही नाही.

राष्ट्रीय गुन्हे नोंद ब्युरोच्या अहवालाप्रमाणे 2022 साली देशातल्या तुरुंगांत 159 अनैसर्गिक मृत्यू झाले, त्यांतले 119 आत्महत्येचे. त्याच वर्षी कैद्यांपैकी सुमारे पाऊणजण कच्चे कैदी होते, म्हणजे ज्यांचा गुन्हा अजून सिद्धच झालेला नव्हता. या कच्च्या कैद्यांत मुसलमानांचे प्रमाण लोकसंख्येतल्या प्रमाणाहून जास्त आहे. त्यामुळे हा प्रश्न आम्हांला दूरचा वाटत नाही. तसा तो कोणालाच वाटू नये, पण ती गोष्ट वेगळी.

विश्वासाने सांगितलेली गोष्ट अमानत असते, असे आपण लहानपणापासून ऐकतो. मग 'मला जगायचे नाही' असे कैद्याने डॉक्टरच्या कानात सांगितले, तर ती अमानत जपायची कशी? गप्प राहून की पुढे सांगून? 2017 च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्याचे 23 वे कलम रुग्णाला गोपनीयतेचा हक्क देते. तेच कलम जीविताचा धोका टाळण्यासाठी आवश्यक तेवढी माहिती देण्याची मुभाही देते. 'आवश्यक तेवढी' याच शब्दांत सारी मेख आहे. आमच्या मते 'याला एकटा ठेवू नका, गोळ्या चुकवू नका, तारखेहून परतला की विचारपूस करा' एवढे शिपायापर्यंत गेलेच पाहिजे. तो का खचला, बायको मुलाखतीला का येत नाही, कोणाची शरम वाटते, हे डॉक्टरपाशीच राहावे. आणि यातले एक अक्षरही तपास अधिकाऱ्याकडे जाऊ नये. ही भिंत पक्की नसेल, तर छापील प्रश्नावली कितीही चांगली असो, कैदी 'सब ठीक है' म्हणेल आणि अंगठा उठवील.

त्याने तसे का म्हणू नये? याच कायद्याच्या 115 व्या कलमाने आत्महत्येचा प्रयत्न करणारा तीव्र ताणाखाली होता असे गृहीत धरले आणि त्याला शिक्षेतून सोडवले. पण 1 जुलै 2024 पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत 226 वे कलम आहे. सरकारी नोकराला त्याच्या कर्तव्यात भाग पाडण्यासाठी किंवा अडवण्यासाठी असा प्रयत्न केला, तर एक वर्षापर्यंत कैद होऊ शकते. बाहेरच्या माणसाला हे कलम क्वचितच आठवेल. तुरुंगात तर चहूकडे सरकारी नोकरच! मदतीची हाक आणि दबावाचा डाव यांतला फरक तिथे कोण ठरवणार?

आणखी एक तरतूद आम्हांला चमत्कारिक वाटते. मानसिक आरोग्यसेवा कायद्याच्याच 103 व्या कलमानुसार तुरुंगाच्या वैद्यकीय अधिकाऱ्याने दर तिमाहीला मंडळाला अहवाल पाठवायचा असतो. कसला? तुरुंगात मनोरुग्ण कैदी नाही, असे प्रमाणित करणारा. हेतू असा, की आजारी माणसाला बराकीत न कुजवता योग्य जागी हलवावे. पण 'नाही' लिहिण्याची सवय लागलेली लेखणी 'आहे' शोधायला निघत नाही.

राष्ट्रीय मानवी हक्क आयोगाने जून 2023 मध्ये राज्यांना सूचना दिल्या. प्रवेशाच्या वेळच्या आरोग्य तपासणीत मनाचीही तपासणी असावी, निवडक कैद्यांना सहकैद्याची घालमेल ओळखण्याचे प्रशिक्षण द्यावे, असे त्यांत आहे. हे चांगलेच आहे. मात्र एकदाच विचारून भागत नाही. पहिले दिवस जोखमीचे असतात, तसाच जामीन फेटाळल्याचा दिवसही, आणि शिक्षा सुनावल्याचाही. इंग्लंडच्या तुरुंगांत अशा कैद्याची वेगळी फाईल असते आणि शिपायापासून इमामापर्यंत कोणीही कर्मचारी ती उघडू शकतो. तरीही 2016 साली तिथे कैद्यांच्या आत्महत्यांनी उच्चांक गाठला. फाईल उघडली म्हणजे कोणी माणूस कैद्याशेजारी बसलाच, असे नव्हे.

सरकारला बोल लावून आम्ही मोकळे होणार नाही. आईला ठाऊक होते, असे वर म्हटले. ती बोलली का नाही? घरात वेडाचा बोभाटा नको, बहिणीचे लग्न ठरायचे आहे. शिवाय आत्महत्या हराम, म्हणून मुलाच्या त्या प्रयत्नाला घरात 'चुकून औषध जास्त झाले' असे नाव पडलेले. हराम आहे, यात दुमत नाही. पण बहुसंख्य फकीहांनी अशा माणसाच्या जनाज्याची नमाजही नाकारलेली नाही. मग जिवंत मुलाचा आजार सांगायला संकोच कसला? जुनी चिठ्ठी आणि गोळ्यांचे नाव वकिलाकडे द्यावे. वकिलाने रिमांडच्या दिवशी ते न्यायाधीशांपुढे ठेवावे आणि तुरुंगाच्या डॉक्टरसाठी आदेश मागावा. हे पहिल्याच तारखेला करता येते. जामिनाची वाट पाहावी लागत नाही.