रिकाम्या घरातली शिक्षा

कोथरूडच्या आमच्या सोसायटीत शेजारच्या फ्लॅटमध्ये ब्रूनो नावाचा बीगल आहे. त्याची मालकीण आणि तिचा नवरा, दोघंही हिंजवडीला नोकरीला. सकाळी साडेआठला घर बंद होतं ते रात्री आठला उघडतं. मधल्या वेळात ब्रूनो भुंकतो. वरच्या मजल्यावरच्या ताई नर्स आहेत. रात्रपाळी करून येतात आणि नेमक्या त्याच वेळात झोपतात. कमिटीची नोटीस आली आणि रविवारी ब्रूनोची मालकीण एक नवा पट्टा घेऊन माझ्याकडे आली. आमचं बोलणं इथे मांडतो, कारण हा पेच तिच्या एकटीचा नाही.

पट्टा साधा, काळा, नायलॉनचा. त्यावर एक छोटी डबी आणि डबीच्या आतल्या अंगाला धातूच्या दोन बोथट कांड्या. त्या केसांतून थेट कातडीला टेकल्या पाहिजेत, म्हणून पट्टा घट्ट बांधायचा.

"घशाची थरथर ओळखतो हा," ती म्हणाली. "आधी नुसता बीप, मग कंप, मग झटका. भुंकणं थांबलं नाही तर झटका वाढत जातो. मी मनगटावर लावून पाहिला, काका. दचकायला होतं, एवढंच."

"तुला माहीत होतं की आता झटका बसणार. आणि नको वाटलं की तू तो काढू शकत होतीस."

"त्याने काय फरक पडतो?"

"तोच तर फरक आहे. 1967 मध्ये सेलिगमन आणि मायर यांनी अमेरिकेत कुत्र्यांवरच प्रयोग केले होते. काही कुत्र्यांना विजेचे झटके बंद करता येत होते, काहींना काही केल्या येत नव्हते. नंतर दोघांनाही अशा खोक्यात ठेवलं, जिथे बुटका अडसर ओलांडला की सुटका होती. ज्यांना आधी काहीच करता आलं नव्हतं, त्यांतल्या बहुतेकांनी उडीच मारली नाही. पडून राहिले, सोसत राहिले."

ती हुशार आहे. लगेच म्हणाली, "मग हा प्रयोग माझ्याच बाजूचा आहे. ज्यांना झटका थांबवता येत होता ते कुत्रे शिकलेच ना? इथेही सगळं ब्रूनोच्या हातात आहे. भुंकू नकोस, झटका नाही."

मुद्दा बिनतोड वाटला. मी थोडा थांबलो. मग विचारलं, "तो कधी भुंकतो, बघितलंस?"

तिने मोबाइल घरी ठेवून आवाज रेकॉर्ड केला होता. तो लावला. दार लागल्याचा आवाज, लिफ्ट, मग शांतता. जरा वेळाने दारावर नखं ओरबाडल्याचा आवाज, कण्हणं आणि मग ते लांबलचक, गळा काढून केलेलं ओरडणं. मध्ये कुरिअरवाला येऊन बेल वाजवून गेला, त्याच्यावर तो भुंकला नाही.

"हे त्याच्या हातात आहे, असं वाटतं तुला?"

ती गप्प राहिली.

"बीगल ही टोळीने शिकार करणाऱ्यांची जात. झाडोऱ्यात दिसेनासे झाले तरी मागच्या शिकाऱ्याला माग लागावा, म्हणून माणसानेच त्यांचा मोठा आवाज पिढ्यान्‌पिढ्या जोपासला. तो आवाज हवा म्हणून आपणच त्याला जवळ केलं. आता तो एकटा पडून घाबरून हाक मारतोय. एकटेपणात भर म्हणून मानेला झटका बसला तर तो काय शिकेल? की घर रिकामं झालं की दुखतं."

"आणि ताईंचं काय? कुत्र्याचं मन सगळे बघतात. त्या बाई बारा तास वॉर्डात उभ्या राहून येतात!"

हे मला मान्यच आहे. आवाजाच्या नियमांतली रात्र दहा ते सहाची, म्हणजे या बाईंची रात्र कायद्याच्या हिशेबातच नाही. प्राणी कल्याण मंडळाने 2015 मध्ये सोसायट्यांना कळवलं, की भुंकणं हा कुत्र्याचा स्वभाव आहे, ते सोसावं. पण मालकांनी त्याला शांत ठेवण्याचे प्रयत्न करावेत, विशेषतः रात्री. दिवसा झोपणाऱ्याला त्याचा काय आधार? मोडलेली झोप ही खरी इजा आहे. कुत्र्यावरच्या दयेपायी ती कमी लेखणं मला अन्यायाचं वाटतं.

"ताईंना झोप मिळालीच पाहिजे," मी म्हटलं. "प्रश्न एवढाच, की तिची किंमत कोणी द्यायची. साडेअकरा तास कुत्रा एकटा ठेवायचं ठरवलं तुम्ही. पट्टा बांधला की सगळी किंमत त्याच्या मानेवर."

"वेताचा धाक दाखवून शिकवायचेच की पूर्वी मुलांना."

"वेत धरणाऱ्याला समोरचा चेहरा दिसायचा. चुकून कधी हात थांबायचाही. तू हिंजवडीच्या ट्रॅफिकमध्ये असशील आणि इथे बंद घरात शिक्षा चालू असेल. तो चोराला भुंकला, आगीला भुंकला की तुझ्या आठवणीने रडला, डबीला सगळं सारखंच. मला वेदनेपेक्षाही ही गोष्ट जास्त सलते, की ती देताना तिथे कोणीच नसतं. वेल्समध्ये 2010 पासून असे पट्टे वापरायला बंदी आहे. आपल्या 1960 च्या कायद्यातही प्राण्याला विनाकारण वेदना देणं गुन्हा आहे. पहिल्या खेपेला दंड मात्र जेमतेम दहा ते पन्नास रुपये. कायदा तुला अडवणार नाही. ठरवायचं तुलाच."

"मग करू काय? नोकरी सोडू?"

"आधी डॉक्टरांना हे रेकॉर्डिंग ऐकव. एकटं राहायची सवय टप्प्याटप्प्याने लावतात: आधी मिनिटभर, मग पाच मिनिटं. वेळ जातो त्यात. तोवर त्याला एकटं ठेवायचं नाही. आठवड्यातून दोन दिवस एकाने घरून काम करायचं, बाकीचे दिवस पाळणाघर किंवा माणूस. दुपारी दोन तास मी बसेन."

"पैसे लागतील."

"लागतील."

"आणि तरीही जमलं नाही तर? पट्टा, की दुसरं घर?"

"दुसरं घर. दिवसभर माणूस असणारं."

"म्हणजे मी त्याला सोडायचं? काका, झटक्यापेक्षा ते त्याला जास्त दुखेल."

"दुखेल. पण तिथे तो ओरडला तर कोणीतरी उठून बघेल."

"नाही पटत मला हे."

"नको पटू दे. चल, वर जाऊ. ताईंची झोप कुठल्या वेळी मोडते, ते त्यांनाच विचारू."

तिने पट्टा खोक्यात घातला. परत करायची मुदत गुरुवारपर्यंत आहे, म्हणाली.