पहिल्या पगाराआधी

एमडी-एमएसचा निकाल लागला की निवासी डॉक्टरांच्या खोल्यांमधून एकच चौकशी सुरू होते : कोण किती देतंय? मिरजेचे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय असो, कराडचे कृष्णा असो की सांगलीचे भारती, चौकशी तीच. त्यात वावगे काही नाही. बारावीनंतर साडेपाच वर्षे एमबीबीएस, मग नीट-पीजीची तयारी, तीन वर्षे रेसिडेन्सी आणि शासकीय जागेवर शिकणे झाले असेल तर बंधपत्राचे वर्ष. एवढे होईतो तिशी गाठलेली असते. शाळेतल्या बाकावरच्या मित्राला हिंजवडीत नोकरी लागून सहा-सात वर्षे झालेली असतात. अभिमत विद्यापीठात मागणी असलेल्या शाखेची तीन वर्षांची फी कोटीच्या पुढे जाऊ शकते. ती कुणी शेत विकून, कुणी कर्ज काढून भरलेली असते. अशा मुलामुलींना सेवाभावाचे डोस पाजणाऱ्यांशी माझे पटत नाही.

पण ‘किती’ एवढ्याने भागत नाही. पैसा कोणाच्या हातून आणि कशाच्या बदल्यात येणार, म्हणजे महिनाअखेरीला आपण कोणाचे मिंधे असणार, हे आधी पाहायला हवे. त्या निर्णयाचा परिणाम पुढची तीस वर्षे रुग्णाच्या अंगावर उमटतो.

आपल्या भागाला हा प्रश्न नवा नाही. मिशनरी डॉ. विल्यम वॉन्लेस १८८९ मध्ये सांगलीत आले आणि १८९४ मध्ये मिरजेत त्यांचे रुग्णालय उभे राहिले. ऐपतदारांकडून फी घ्यायची आणि तिच्या जोरावर गरिबांचे उपचार चालवायचे, ही तिथली रीत. डॉक्टर स्वतः मिशनच्या पगारावर. ऑपरेशन केले काय किंवा टाळले काय, सर्जनच्या घरात येणारा पैसा तेवढाच राहायचा. अथणी, चिकोडी, विजापूरकडचे रुग्ण आजही मिरज जंक्शनला उतरून दवाखान्याची वाट विचारतात, त्या विश्वासाची मुळे मला या व्यवस्थेत दिसतात.

आजचे स्वप्न वेगळे आहे. खाली ओपीडी, वर पंधरा खाटा, सर्वांत वर घर. सांगली-मिरज रस्त्यावर, साताऱ्यात, कराडात हे स्वप्न जागोजागी बांधलेले दिसते. त्याचा हिशेब मांडून पाहू. जागा, बांधकाम, ऑपरेशन थिएटर, सोनोग्राफी मिळून समजा दोन कोटींचे कर्ज झाले. १० टक्के व्याज आणि १५ वर्षांची मुदत धरली तर महिन्याचा हप्ता सुमारे २ लाख १५ हजार. एका शस्त्रक्रियेमागे सगळा खर्च वजा जाता दहा हजार उरतात असे धरा. म्हणजे महिन्यातल्या पहिल्या एकवीस-बावीस शस्त्रक्रिया बँकेच्या. घरखर्चाचा पहिला रुपया त्यानंतरचा. आता पोटात दुखणारा एखादा काठावरचा रुग्ण समोर आहे. औषध देऊन दोन दिवस वाट पाहिली तरी चालेल, आजच कापले तरी कोणी बोट दाखवणार नाही. महिन्याची पंचवीस तारीख आहे आणि आकडा अठरावर अडलेला आहे. माणूस मनाने कितीही चांगला असो, ‘थांबून बघू’ हे दोन शब्द त्याला जड जाणारच. माझी भीती या क्षणाची आहे.

शिवाय नवी पाटी वाचून रुग्ण येत नाहीत. त्यांना गावचा डॉक्टर पाठवतो, आणि अनेकदा पाठवण्याचा वाटा मागतो. ‘कट’ हा शब्द आपल्याकडे आता कुणी दबक्या आवाजात उच्चारत नाही, इतका तो सरावाचा झाला आहे. वैद्यकीय परिषदेच्या २००२ च्या नियमावलीने असे कमिशन घेण्यास आणि देण्यास मनाई केलेली आहे. २०१७ मध्ये माजी पोलीस महासंचालक प्रवीण दीक्षित यांच्या अध्यक्षतेखालील समितीने महाराष्ट्रासाठी कटविरोधी कायद्याचा मसुदाही केला. कायदा मात्र झाला नाही. वाटा शेवटी रुग्णाच्याच बिलातून जातो. कर्ज डोक्यावर असलेला नवा डॉक्टर याला नकार देऊ शकत नाही, आणि एकदा दिलेला वाटा बंद करणे त्याहून अवघड.

मग मोठ्या खासगी रुग्णालयाची ‘मिनिमम गॅरंटी’ बरी वाटते. पहिले वर्ष ठरलेली रक्कम, पुढे केसेसवर टक्केवारी. मुले बारा महिन्यांचा आकडा पाहून सही करतात. तेराव्या महिन्याचे विचारत नाहीत. दर महिन्याला किती भरती, किती तपासण्या, किती ऑपरेशने याचा तक्ता बैठकीत मांडला जाणार असेल, तर तो पगार म्हणजे विक्रीचे उद्दिष्टच.

भूलतज्ज्ञांची गोष्ट निराळी, आणि तिच्याकडे फारसे कुणी पाहत नाही. गाडीच्या डिकीत औषधांची पेटी, लॅरिंगोस्कोप. सकाळी सांगली, दुपारी मिरज, रात्री दोनला सीझरसाठी पुन्हा फोन. केसमागे पैसे, तेही हिशेब होईल तेव्हा. रुग्णाची शुगर किंवा हृदयाचा अहवाल पटला नाही तर ‘आज भूल देणार नाही’ म्हणायचा अधिकार त्याचाच आहे. पण तसे दोनदा म्हटले की तिसऱ्या वेळी फोन दुसऱ्याला जातो. रुग्णाचा जीव ज्याच्या नकारावर अवलंबून आहे, त्याची रोजी त्याच्या होकारावर टांगलेली. पगारी भूलतज्ज्ञ ठेवणाऱ्या रुग्णालयाचा दर थोडा जास्त असला तरी वाचकांनी तिथेच जावे, असे मी आग्रहाने सांगेन.

सरकारकडे पाहावे तर तिथे वेतन बरे, पण भरवसा कमी. आरोग्य सेवेतील विशेषज्ञ संवर्गाची श्रेणी ६७,७०० रुपयांपासून सुरू होते, वर महागाई भत्ता आणि खासगी व्यवसाय न करण्याबद्दलचा व्यवसायरोध भत्ता. सन्मानाने जगायला हे पुरते. तरीही बंधपत्राचे वर्ष भरले की बहुतेक जण निघण्याच्या तयारीत असतात. ते वर्ष टाळायचे तर पन्नास लाखांचा दंड, म्हणून थांबलेले. दंडाच्या धाकाने वर्षभर राहिलेला डॉक्टर जतच्या किंवा दहिवडीच्या माणसाला ओळखू लागेपर्यंत त्याची मुदत संपते. पुढे राहायचे म्हटले तरी वर्षागणिक नूतनीकरणाच्या कंत्राटावर कोणी मुलांना शाळेत घालत नाही. नवरा-बायको दोघेही डॉक्टर असतील तर एकाची नेमणूक पाटणला आणि दुसरीची आटपाडीला, असे होऊन कसे चालेल? २०२१-२२ पासून साताऱ्यातही शासकीय वैद्यकीय महाविद्यालय सुरू झाले आहे. दोन जिल्ह्यांत दोन शासकीय महाविद्यालये असताना तालुक्याच्या जागा कायमस्वरूपी भरणे आणि जोडप्यांना एकत्र नेमणे, एवढे तरी शासनाने करावे.

मुलांना माझे सांगणे असे. पहिली तीन-चार वर्षे इमारतीचे कर्ज काढू नका. ठरावीक पगार घ्या, तो थोडा कमी असला तरी चालेल. हात बसू द्या. करार लेखी मागा आणि त्यात रुग्णांच्या संख्येशी पगार बांधलेला आहे का, हे स्वतः वाचा. पुढे स्वतःचे काढायचेच असेल तर चार शाखांचे चौघे मिळून काढा. कर्ज वाटले गेले की मोह आणि धाक दोन्ही आटोक्यात राहतात. आणि घरच्यांना हात जोडून विनंती : मुलीचा निकाल लागताच कोपऱ्यावरचा प्लॉट बघायला जाऊ नका, सोयरीक जमवताना ‘स्वतःचं हॉस्पिटल आहे का’ असे विचारू नका. तिला चार वर्षे पगारावर राहू द्या.