मुक्कामी गाडीचं शहर

२ मार्च २०२४ रोजी बारामतीत नव्या एसटी स्थानकाचं उद्घाटन झालं. तेव्हाचे मुख्यमंत्री एकनाथ शिंदे, उपमुख्यमंत्री देवेंद्र फडणवीस आणि अजित पवार असे तिघेही हजर होते. त्या दिवसाच्या बातम्या राजकारणानेच भरल्या: कोण कोणाशेजारी बसलं, कोणी कोणाला जेवायला बोलावलं. स्थानकाबद्दल लिहिलं गेलं ते एवढंच, की ते विमानतळासारखं दिसतं. इमारत चांगलीच आहे. वर्षानुवर्षं उन्हापावसात गाडीची वाट पाहणाऱ्या माणसाच्या डोक्यावर चांगलं छप्पर आलं, याचा आनंद कोणालाही व्हावा. पण तालुक्याच्या गावातलं स्थानक चांगलं की वाईट हे ठरवायचं, तर आधी विचारावं लागतं की इथून लोणी भापकरला, सुप्याला, कळसला, निरवांगीला शेवटची गाडी किती वाजता सुटते, आणि ती रोज सुटते का.

हा प्रश्न परिवहन खात्याचा आहे, नगररचनेचा नाही, असं आपण धरून चाललो आहोत. माझ्या मते बारामती आणि इंदापूर या दोन्ही शहरांच्या मध्यभागाचं जे काही बरंवाईट पुढच्या वीस वर्षांत व्हायचं आहे, ते या समजुतीपाशी अडलेलं आहे.

आकडे पाहा. २०११च्या जनगणनेत बारामती नगरपरिषदेची लोकसंख्या ५४ हजारांच्या आसपास होती, तालुक्याची सव्वाचार लाखांहून जास्त. इंदापूर शहर २५ हजारांचं आणि तालुका पावणेचार लाखांच्या पुढचा. २०१२च्या सुमारास बारामतीची हद्द वाढली, बारामती ग्रामीण, जळोची, तांदूळवाडी, रुई आत आली आणि शहर लाखाच्या पुढे गेलं. तरी प्रमाणाचा अर्थ तोच राहतो. गुरुवारच्या बाजाराला, तहसील कचेरीत, दवाखान्यात, कॉलेजात, सराफाच्या आणि कापडाच्या दुकानात जी गर्दी असते तिच्यातली पुष्कळ माणसं रात्री या शहरात झोपत नाहीत. ती सकाळी येतात आणि संध्याकाळी जातात. तालुक्याच्या शहराचा मध्य हा मुख्यतः बाहेरून येणाऱ्यांचा असतो. तिथे राहणारे त्याचे राखणदार म्हणावेत.

बारामती तशीच घडत गेली. कऱ्हेच्या काठी बाबूजी नाईकांचा वाडा होता, त्यांच्या आश्रयाला कवी मोरोपंत आले आणि १७९४ साली गेले तेही इथेच. त्या काळी गावाचं तोंड नदीकडे होतं. १८८०च्या दशकात नीरा डावा कालवा आला. जिराईत रानात ऊस उभा राहिला, गूळ तयार होऊ लागला आणि तो विकायला पेठ लागली. १९१४ साली दौंडहून अरुंद मापाची रेल्वे आली, तसा गुळाला पुण्या-मुंबईचा रस्ता मिळाला आणि स्टेशन रोडला महत्त्व आलं. १ जून १९४८ला नगरहून पुण्याला पहिली एसटी धावली. त्यानंतरच्या दोन-तीन दशकांत एसटी गावोगाव पोचली आणि बाजार स्टँडच्या भोवती सरकला. नदीकाठचा कसबा, मग पेठा, मग स्टेशन, मग स्टँड, भिगवण चौक, इंदापूर चौक: वाहतुकीचं साधन बदललं की गावाचा मध्य त्याच्या दिशेने सरकला आहे. कोणी आराखडा करून त्याला हलवलेलं नाही.

आता तो पुन्हा सरकतो आहे, आणि या वेळी त्याला ओढणारं साधन आहे प्रत्येकाच्या दारातली दुचाकी आणि चारचाकी. एमआयडीसी, सरकारी वैद्यकीय महाविद्यालय आणि त्याचं रुग्णालय, विद्या प्रतिष्ठानचा परिसर, भिगवण रस्त्यावरची नवी दुकानं, सगळं जुन्या गावापासून दूर पसरलं आहे. जागा तिकडेच होती, त्यामुळे त्यात चूक काही नाही. पण लासुर्ण्याहून आलेली बाई स्टँडवर उतरते, आणि तिला जायचं असतं एमआयडीसीतल्या रुग्णालयात. एसटीने तिला स्टँडपर्यंत आणलं, उरलेल्या चार-पाच किलोमीटरांसाठी रिक्षा करावी लागते. त्या रिक्षाचं भाडं एसटीच्या अर्ध्या तिकिटापेक्षा जास्त भरतं. १७ मार्च २०२३पासून राज्यात महिलांना एसटीत निम्मं भाडं आहे, पंचाहत्तरी ओलांडलेल्यांना प्रवास मोफत आहे. या सवलतींनी बायका-म्हातारी माणसं घराबाहेर पडली, हे कोणत्याही स्टँडवर उभं राहिलं तरी दिसतं. पण जी सवलत स्टँडच्या फाटकापाशी संपते, तिचा निम्मा फायदा रस्त्यातच सांडतो. एक गोष्ट मला फार लागते. सगळ्या देशाच्या रस्त्यांवर धावणाऱ्या पियाजिओच्या आपे तीनचाकी गेली पंचवीसेक वर्षं याच बारामतीच्या एमआयडीसीत तयार होतात. माणसं वाहून नेण्याचं स्वस्त साधन इथून जगभर जातं. तेव्हा स्टँड, रेल्वे स्टेशन, रुग्णालय, कॉलेजं आणि एमआयडीसी यांना बांधणारी, ठरल्या वेळेला, ठरल्या भाड्यात फिरणारी वाहनांची साखळी उभी करणं या गावाला अवघड असू नये.

आता मुक्कामी गाडीविषयी. ज्यांचं लहानपण खेड्यात गेलं त्यांना ती वेगळी सांगायला नको. संध्याकाळी उशिरा तालुक्याहून निघालेली गाडी रात्री गावात थांबते. चालक-वाहक देवळात नाहीतर चावडीत पथारी टाकतात आणि पहाटे तीच गाडी दुधाच्या कॅनसह, कॉलेजची पोरं, कोर्टाची तारीख असलेले, डॉक्टरकडे निघालेले अशा सगळ्यांना घेऊन सुटते. या गाडीमुळे गावातल्या माणसाला शहरात पूर्ण दिवस मिळतो. ती बंद झाली की पहिली गाडी नऊ-साडेनऊला येते. मग कॉलेजचा पहिला तास बुडतो, दवाखान्यात नंबर मागे जातो, आणि परतीची गाडी पाचला सुटणार असल्यामुळे काम अर्धं टाकून निघावं लागतं. २०२१च्या अखेरीपासून एप्रिल २०२२पर्यंत एसटीचा संप चालला. कर्मचाऱ्यांच्या मागण्यांमागचं दुःख खरं होतं. पण त्या महिन्यांत खेड्यांतल्या ज्यांना शक्य झालं त्यांनी हप्त्यावर दुचाकी घेतली, ज्यांना झालं नाही ते वडापला लटकले, आणि संप मिटल्यावर राज्यभरातल्या कित्येक ग्रामीण फेऱ्या पूर्वीसारख्या परतल्याच नाहीत. प्रवासी नाहीत म्हणून फेरी नाही, आणि फेरी नाही म्हणून प्रवासी नाहीत.

याचा सगळ्यात मोठा फटका मुलींना बसतो. शासनाने ग्रामीण मुलींना बारावीपर्यंत शाळा-कॉलेजला जाण्यासाठी एसटीचा पास मोफत दिला आहे, आणि गेल्या काही दशकांत राज्यात मुलींच्या शिक्षणासाठी जे झालं त्यात या पासाचं नाव मी पहिल्या दोन-चारांत घेईन. १९६२ साली निघालेलं तुळजाराम चतुरचंद महाविद्यालय असो की १९७२ची विद्या प्रतिष्ठान, त्यांच्या वर्गांत खेड्यांतून आलेल्या मुली बसल्या त्या एसटीच्या भरवशावर. मुलगी कोणती शाखा घेणार, प्रयोगशाळेचा दुपारचा तास करू शकणार की नाही, हे पुष्कळदा तिच्या गुणांपेक्षा गाडीच्या वेळेवर ठरतं. मुलाला घरात दुचाकी मिळते. मुलीला सांगितलं जातं, गाडी नाही तर कला शाखा घे, लवकर घरी येशील.

शहराच्या सुधारणेचा जो नमुना बारामतीने घालून दिला त्याचं मोल मी कमी करत नाही. गावातून वाहणाऱ्या कालव्याचे काठ पूर्वी कचऱ्याचे होते, आज तिथे संध्याकाळी कुटुंबं फिरतात. रस्ते रुंद आहेत, झाडं आहेत, भाजी मंडईला पक्की इमारत आहे. राज्यातल्या बहुतेक तालुक्यांच्या गावांना हे स्वप्नवत वाटेल. पण रुंद रस्त्याने गाडी जोरात जाते, आणि तो ओलांडणाऱ्याला जास्त वेळ धोक्यात राहावं लागतं. खंडोबानगर चौकातला २०२५च्या जुलैचा अपघात बारामतीकर विसरलेले नाहीत. केंद्राच्या २००६च्या राष्ट्रीय नागरी वाहतूक धोरणात तत्त्व स्पष्ट आहे: रस्त्याची जागा माणसांना द्या, वाहनांना नव्हे. आपले चौक मात्र अजून वाहन किती लवकर सुटेल या हिशेबाने आखले जातात. पायी चालणारा, हातगाडीवाला, स्टँडकडे धावणारी पोरं यांचा हिशेब नंतर, उरलेल्या जागेत.

हे वेगळं करता येतं का? स्पेनमधलं पोन्तेवेद्रा हे ऐंशी हजारांच्या आसपास वस्तीचं शहर, म्हणजे आपल्या बारामतीच्याच मापाचं. तिथे १९९९पासून जुन्या गावभागातून मोटारी हळूहळू बाहेर काढल्या. दुकानदारांनी सुरुवातीला विरोध केला, कारण गिऱ्हाईक मोटारीनेच येतं असं त्यांना वाटे. पुढे गिऱ्हाईक पायी येऊ लागलं. भुयारी रेल्वेच्या नकाशासारखा एक नकाशा त्यांनी काढला, त्यात एका ठिकाणाहून दुसऱ्या ठिकाणी चालत किती मिनिटं लागतात एवढंच दाखवलं. खर्च फारसा नाही. महावीर पथावर किंवा गांधी चौकात हे जसंच्या तसं उचलून चालणार नाही, आपल्याकडे ऊन वेगळं आहे आणि मालाची चढउतार दिवसभर चालते. पण सकाळी दहापर्यंत माल, त्यानंतर माणसं, एवढा नियम बाजारपेठेला पेलवेल. आणि २०१४च्या पथविक्रेता कायद्याने ज्यांना जागा द्यायची आहे त्या फळवाल्या बायकांना स्टँडपासून लांब हटवणं म्हणजे त्यांचा धंदाच मोडणं, हेही त्या नियमात लिहून ठेवावं.

पायी चालणाऱ्यांना रस्ता देणं आपल्याला ठाऊक नाही असंही नाही. आषाढात तुकोबांची पालखी बारामतीत शारदा प्रांगणात उतरते. पुढे काटेवाडीला मेंढ्यांचं रिंगण, बेलवडीला गोल रिंगण, मग निमगाव केतकी आणि इंदापूर. त्या दिवसांत पाणी, शौचालयं, दिवे, दवाखाना, वाहनांचे वळसे, सगळं नगरपरिषद, पोलीस आणि एसटी मिळून ठरवतात आणि पार पाडतात. त्याच रस्त्याचा आता चौपदरी पालखी महामार्ग झाला आहे. उरलेल्या दिवसांत त्या रस्त्यावर सणसरच्या फाट्याला किंवा जंक्शन गावी गाडीची वाट पाहणाऱ्यासाठी किती विचार झाला आहे, हे जाऊन पाहावं.

इंदापूरची गोष्ट वेगळी आणि माझ्या मते जास्त काळजीची आहे. शिवरायांचे आजोबा मालोजीराजे इथल्याच लढाईत पडले. त्यांची गढी गावात आहे, तिच्या जतनाचं काम इतिहासाचं आहे तसंच गावाच्या मध्याला नवा जीव देण्याचंही आहे. पण इंदापूर दोनदा बाजूला पडलं. १८५८-५९मध्ये पुण्याहून सोलापूरकडे निघालेली रेल्वे भिगवण-डिकसळवरून गेली, इंदापूरला तिने शिवलं नाही. पुढे पुणे-सोलापूर महामार्गाने गाव तारलं, आणि मग त्यालाही बाह्यवळण झालं. जड वाहनं गावाबाहेर गेली, हे हवंच होतं. पण लांब पल्ल्याची एसटी बाह्यवळणावरूनच निघून गेली तर रात्री अंधारात उतरलेल्या प्रवाशाला गावात यायला साधन नसतं, आणि स्टँडसमोरच्या चहावाल्याचा, पेपरवाल्याचा, फळवाल्याचा धंदा बसतो. अशा गावात आधी सुशोभीकरण करू नये. आधी गाड्या आत आणाव्यात. ज्या स्टँडवर गाड्या येत नाहीत तिथे बांधलेलं कोणतंही व्यापारी संकुल चालणार नाही.

संकुलांचा विषय निघालाच आहे. एसटीच्या जागा खासगी भागीदारीत विकसित करण्याच्या धोरणात राज्य सरकारने २०२५मध्ये भाडेपट्ट्याची मुदत ९८ वर्षांपर्यंत नेली. महामंडळाला पैसा हवा आहे, हे मान्य. पण ९८ वर्षं म्हणजे चार पिढ्या. शहराच्या ऐन मध्यावरची जागा इतक्या काळासाठी देताना करारात फलाटांची संख्या, बायकांसाठी स्वच्छतागृहं, चालक-वाहकांना झोपायची जागा, भविष्यातल्या विजेवरच्या गाड्यांसाठी चार्जिंगची सोय हे आधी येऊ दे, गाळे नंतर. एकदा फलाटाची जागा गाळ्याला गेली की ती परत मिळत नाही.

स्वित्झर्लंडने १९८२ साली देशभर एक साधं वेळापत्रक लावलं: गाडी दर तासाला, त्याच मिनिटाला. आगगाडी पोचली की बाहेर बस उभी, अगदी डोंगरातल्या खेड्यालाही. वेग त्यांनी नंतर वाढवला, जोडणी आधी केली. आपल्याकडे दौंड-बारामती मार्गावर मळद, शिर्सुफळ, कटफळ ही स्थानकं आहेत, आणि कटफळ तर एमआयडीसीला लागूनच आहे. रूळ आहेत, स्टेशनं आहेत, गाव आहे, कारखाने आहेत. कारखान्याची पाळी, रेल्वे आणि एसटी यांच्या वेळा एका कागदावर कोणी बसवायच्या, एवढंच उरतं. फलटण-बारामती लोहमार्ग पुरा झाला की बारामती शेवटचं स्टेशन राहणार नाही, मधलं होईल. त्याआधी हे बसवलं पाहिजे.

यासाठी आगार व्यवस्थापक, नगरपरिषद, रुग्णालय, कॉलेजं आणि एमआयडीसीतले कारखानदार यांनी वर्षातून दोनदा एका टेबलाशी बसावं. जून उजाडण्याआधी कॉलेजांच्या तासांप्रमाणे फेऱ्या ठराव्यात. ज्या मुक्कामी गाड्या तोट्यात जातात त्यांचा तोटा एकट्या एसटीने का सोसावा? त्या गाडीतून उतरणारं माणूस नगरपरिषदेच्या हद्दीतल्या दुकानात पैसे खर्च करतं, म्हणून काही वाटा नगरपरिषदेनेही उचलावा. चौकातल्या एका कारंज्याच्या खर्चाशेजारी हा आकडा मांडून पाहावा.

आणखी एक. १९६६च्या नगररचना कायद्यानुसार विकास आराखड्याच्या मसुद्यावर कोणालाही हरकत घेता येते, सूचना करता येते. प्रत्यक्षात हरकती येतात त्या ज्यांच्या जमिनीवर आरक्षण पडलं त्यांच्या. तरडोलीच्या शेतकऱ्याला किंवा कालठणच्या विद्यार्थिनीला आपलाही या आराखड्याशी संबंध आहे, हे कोणी सांगत नाही. मसुद्याची नोटीस राजपत्रात आणि वर्तमानपत्रात निघते तशी ती स्टँडच्या चौकशी खिडकीवर आणि प्रत्येक मुक्कामी गाडीत लावावी. सोबत तालुक्याचा नकाशा जोडावा, आणि त्यावर प्रत्येक गावाच्या नावापुढे पहिल्या आणि शेवटच्या गाडीची वेळ लिहावी. ज्या गावापुढे काहीच लिहिता येणार नाही, त्या गावापासून सुनावणी सुरू करावी.