गावाला दिलेला शब्द कुणी पाळायचा?

परतवाडा सोडून घाट चढला की मेळघाट लागतो. कायद्याच्या विद्यार्थ्यांना आदिवासींच्या न्यायाचा प्रश्न प्रत्यक्ष दाखवायचा, तर वऱ्हाडातल्या महाविद्यालयांना याहून जवळची जागा नाही. धारणी आणि चिखलदरा हे दोन्ही तालुके राज्यघटनेच्या पाचव्या अनुसूचीत येतात. १९९६ चा पेसा आणि २००६ चा वनहक्क कायदा इथल्या रोजच्या जगण्याशी जोडलेले आहेत. अशा दौऱ्याच्या बातमीत विद्यार्थी दिसतात, पाहुणे दिसतात. ग्रामसभेशी आधी बोलणी करणारे प्राध्यापक, कोरकू दुभाष्या शोधणारा आणि मुक्कामाची सोय लावणारा कर्मचारी मात्र दिसत नाही. दौऱ्याची नैतिक जबाबदारी मुख्यतः याच मंडळींवर असते, असे माझे म्हणणे आहे. विद्यार्थी तीन किंवा पाच वर्षांनी पदवी घेऊन निघून जातो. गाव जागेवर राहते आणि महाविद्यालयही राहते. गावकऱ्यांनी विश्वासाने सांगितलेल्या तक्रारीचे पुढे काय झाले, हे विचारायचे तर महाविद्यालयालाच विचारावे लागते.

कायद्यानेही ही बाब कुणाच्या मर्जीवर सोडलेली नाही. घटनेच्या ३९-अ कलमाने मोफत विधी सहाय्य हे राज्याचे कर्तव्य ठरवले. १९८७ च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्यानुसार अनुसूचित जमातीच्या माणसाला उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळतो. बार कौन्सिलच्या २००८ च्या नियमांनी प्रत्येक विधी महाविद्यालयाला विधी सहाय्य केंद्र बंधनकारक केले, तेही ज्येष्ठ प्राध्यापकाच्या देखरेखीखाली. देखरेख म्हणजे हजेरी घेणे नव्हे. गावात पुढे आलेला प्रश्न नोंदवून घेणे, तो तालुका विधी सेवा समितीपर्यंत पोचवणे आणि उत्तर आले की, अगदी नकार आला तरी, ते गावाला कळवणे हे सगळे देखरेखीतच येते.

शिक्षकाच्या तयारीने काय फरक पडतो, हे एका उदाहरणात दिसते. कोरकू माणसे आपल्या मृतांच्या स्मरणार्थ लाकडी खांब कोरून उभारतात. त्याला मुंडा म्हणतात. त्यावर सूर्य, चंद्र, घोडेस्वार कोरलेले असतात. तयारी न करता आलेला विद्यार्थी तो कलेचा नमुना समजतो, फोटो काढतो आणि पुढे जातो. वनहक्क कायद्याच्या नियमांत दफनभूमी, पवित्र झाडे, जुन्या बांधकामांचे अवशेष आणि वृद्धांचे लिहून घेतलेले जबाब यांना पुराव्याचे स्थान आहे. ज्याच्या शिक्षकाने हे आधी शिकवले, तो विद्यार्थी त्याच मुंड्यापाशी थांबतो. त्यापाशी वस्तीच्या पिढ्यांची साक्ष उभी आहे हे त्याला कळते, आणि गावातल्या म्हाताऱ्यांकडून माहिती घेऊन ती दाव्याला जोडता येईल का, असे तो वनहक्क समितीला विचारतो. कागदाअभावी दाव्याचे घोडे उपविभागीय समितीपाशी अडते, तेव्हा असा एक जबाब मोलाचा ठरू शकतो.

विद्यापीठातली माणसे यापेक्षा मोठे कामही करू शकतात, याचा दाखला विदर्भाच्याच इतिहासात आहे. १९७२ मध्ये तेव्हाच्या चंद्रपूर जिल्ह्यातल्या देसाईगंज पोलीस ठाण्यात एका आदिवासी मुलीवर बलात्कार झाल्याचा खटला दोन पोलिसांवर चालला. नागपूर खंडपीठाने त्यांना दोषी धरले. सर्वोच्च न्यायालयाने १९७८ मध्ये निर्दोष सोडले. पुढच्या वर्षी उपेंद्र बक्षी, लोतिका सरकार, वसुधा धागमवार आणि रघुनाथ केळकर या कायद्याच्या चार प्राध्यापकांनी सरन्यायाधीशांना खुले पत्र लिहिले. मुलीचे वय, तिचे दारिद्र्य, हक्कांविषयीचे अज्ञान यांचा विचार न करता तिच्या गप्प राहण्याला संमती कसे मानले, असा त्यांचा सवाल होता. देशभर आंदोलन उभे राहिले आणि १९८३ मध्ये बलात्काराचा कायदा बदलला. त्या मुलीला स्वतःला न्याय मिळाला नाही. पण निकाल लागला म्हणून शिक्षकांनी हात झटकले नाहीत, त्यामुळे पुढच्या कित्येकींसाठी कायद्याची भाषा बदलली.

यावर कुणी म्हणेल, आदिवासींना बाहेरच्या पंडितांची गरजच काय? आक्षेप रास्त आहे, आणि त्याचे उत्तर अचलपूर तालुक्यातच आहे. पायविहीरच्या ग्रामसभेने २०१२ मध्ये सामूहिक वनहक्क मिळवला, उजाड झालेले जंगल राखून पुन्हा उभे केले आणि सीताफळाचा व्यवसाय स्वतः सांभाळला. परतवाड्याच्या ‘खोज’ संस्थेची साथ होती, पण निर्णय गावाचे होते. सिडनीच्या रेडफर्न वस्तीतही १९७० मध्ये पोलिसांच्या जाचाला कंटाळलेल्या आदिवासी तरुणांनीच मोफत विधी सेवा सुरू करायचे ठरवले. न्यू साउथ वेल्स विद्यापीठाच्या विधी विभागाचे प्रमुख हॅल वूटन त्यांच्या मदतीला गेले आणि संस्थेचे पहिले अध्यक्ष झाले. पुढाकार लोकांचा आणि साथ विद्यापीठाची, हा क्रम दोन्हीकडे सारखाच आहे. महाविद्यालयाने तो पाळला, तर बाहेरून येण्यात उपरेपणा राहत नाही.

दुसरा आक्षेप असा, की प्राध्यापकांनी विद्यार्थ्यांना इतके जपू नये. वकिलाला कठोर व्हावेच लागते. पण कुपोषणाने लेकरू गमावलेल्या आईसमोर वीस-एकवीस वर्षांच्या मुलांना वह्या घेऊन बसवायचे आणि रात्री त्यांच्याशी कुणी दोन शब्दही बोलायचे नाहीत, याने कणखरपणा येत नाही, मन निबर होते. त्या आईला कोणते प्रश्न विचारायचे नाहीत, हे आधी सांगणे हेही शिक्षकाचेच काम. वर्गात कोरकू, गोंड किंवा पारधी विद्यार्थी असेल तर काळजी आणखी वाढते. त्याला फुकटचा दुभाष्या किंवा आपल्या समाजाचा नमुना करून ठेवणे अन्याय आहे. तोही शिकायलाच आलेला असतो.

कामाचा बोजा ही तिसरी सबब, आणि ती खोटी नाही. रिक्त पदे, परीक्षा, नॅकची कागदपत्रे यांत प्राध्यापकाचा वेळ जातो. म्हणूनच हे काम एखाद्याच्या चांगुलपणावर सोडू नये; तासिकांत त्याची गणना व्हावी, पाठपुराव्याच्या प्रवासाला खर्च मिळावा आणि केंद्राची नोंदवही एका शिक्षकाकडून दुसऱ्याकडे रीतसर सोपवली जावी. इतके जमत नसेल तर दौरा छोटा करावा, एकाच गावात करावा. दहा गावे पाहून एकालाही उत्तर न देणे म्हणजे गावकऱ्यांच्या तोंडाला पाने पुसणे आहे. अमरावती-अकोल्याच्या विधी महाविद्यालयांना म्हणूनच एक विनंती आहे: पुढच्या दौऱ्याची तारीख ठरवण्याआधी मागच्या दौऱ्यातल्या गावाला उत्तर द्या, आणि मगच गाडी ठरवा.