विघ्न कुणाचं?

आमच्या बेळगाव भागात नवी वही उघडली की पहिल्या पानावर ‘श्री’ येतो आणि लग्नपत्रिका छापली की वर गणपती येतो. घर जैनाचं असलं तरी. दिवाळीत वहीपूजनाला पाटावर लक्ष्मी-गणपतीची तसबीर असते. एखाद्या चौकस मुलानं विचारलंच तर वडीलधारी माणसं सांगतात की गणांचा ईश तो गणेश, म्हणजे आपले गौतम गणधर. महावीरांचं निर्वाण झालं त्याच दिवशी त्यांना केवलज्ञान झालं, त्याची ही पूजा. उत्तर सुंदर आहे. पण त्या वेळी मनात चाललेला जप केवलज्ञानासाठी नसतो, येणारं वर्ष बरकतीचं जावं म्हणून असतो, हे सांगणाऱ्यालाही ठाऊक असतं.

म्हणून यशासाठी आणि विघ्न टळावं यासाठी मंत्र जपणं योग्य की अयोग्य, हा प्रश्न मला ‘त्यांचा’ वाटत नाही. तो आपलाही आहे.

गणपतीचं संकटनाशन स्तोत्र घेऊ. नारदपुराणातलं म्हणून ते प्रसिद्ध आहे आणि आमच्या गल्लीत निम्म्या बायकांना पाठ आहे. त्यात गणपतीची बारा नावं आहेत. ती रोज तीन वेळा म्हणावीत, मग विघ्नाचं भय राहत नाही. विद्या हवी त्याला विद्या, धन हवं त्याला धन, पुत्र हवा त्याला पुत्र, आणि मोक्ष हवा त्यालाही त्याची वाट मिळते. सहा महिन्यांत फळ, वर्षभरात सिद्धी. इतका रोखठोक हिशेब वाचून काही शिकलेली माणसं नाक मुरडतात. मला त्यात नाक मुरडण्यासारखं काही दिसत नाही. गीतेच्या सातव्या अध्यायात चार प्रकारचे भक्त सांगितलेत: पीडित, जिज्ञासू, काहीतरी हवं असलेला आणि ज्ञानी. ज्ञानी सर्वांत जवळचा खरा, पण चौघांनाही उदारच म्हटलं आहे. मागणाऱ्याला तिथे हाकलून दिलेलं नाही.

आमच्याकडचा सिद्धांत जास्त कडक आहे. तीर्थंकर वीतराग आहेत. ते कुणावर प्रसन्न होत नाहीत, कुणावर रागावत नाहीत, तेव्हा देण्याघेण्याचा प्रश्नच येत नाही. णमोकार मंत्रात 35 अक्षरं आणि पाच नमस्कार आहेत, मागणं एकही नाही. तप करून त्याच्या मोबदल्यात फळाची इच्छा धरली तर त्याला ‘निदान’ म्हणतात आणि माया, मिथ्यात्व यांच्याबरोबर ते तिसरं शल्य मानलं आहे. शल्य म्हणजे आत रुतलेला काटा. हे सगळं आम्ही लहानपणापासून ऐकतो. आणि तरी भक्तामर स्तोत्राचं पुस्तक उघडून बघा. मानतुंगाचार्य कोठडीत होते, एकेक श्लोक रचला तसं एकेक कुलूप गळून पडलं, अशी त्याची कथा. दिगंबर परंपरेत त्याचे 48 श्लोक आहेत, आणि कितीतरी छापील प्रतींमध्ये प्रत्येक श्लोकाखाली ऋद्धी, मंत्र, यंत्र आणि फळ दिलेलं असतं: अमुक भय जावं, तमुक काम व्हावं. होंबुजच्या पद्मावतीदेवीला आमच्याकडून गाड्या भरून माणसं जातात, ती काही तत्त्वचर्चेला जात नाहीत. तेव्हा मागण्याच्या बाबतीत कुणी कुणाला हसू नये.

माझी अडचण वेगळीच आहे. ‘विद्या दे’ म्हणणं आणि ‘विघ्न काढ’ म्हणणं, या दोन मागण्या सारख्या दिसल्या तरी सारख्या नाहीत. दुसरीत कुठल्यातरी वस्तूकडे बोट दाखवलेलं असतं. पुष्कळदा ती वस्तू म्हणजे माणूस असतं.

माझ्या ओळखीच्या एका घरात दोन जावा आहेत. सासरे गेले, साडेतीन एकराच्या वाटणीवरून बिनसलं, प्रकरण कोर्टात गेलं. एकाच घरात मधे विटांची भिंत आली. थोरली रोज सकाळी आंघोळ झाल्यावर संकटनाशन स्तोत्र म्हणते. धाकटी विधवा आहे, ती दिवेलागणीला तेच म्हणते. दोघींचे उच्चार स्वच्छ, दोघींचा नेम पक्का. थोरली एकदा मला म्हणाली, “आक्का, तुमचा तो णमोकार लई कडक म्हणतात. आमच्या कामासाठी एक माळ ओढा की.”

मी म्हटलं, “ओढते की. पण भिंतीच्या दोन्ही बाजूंचं भलं होऊ दे म्हणून ओढते. चालेल काय?”

ती काही बोलली नाही. कपबशा उचलून आत गेली. खटला अजून चालू आहे.

दोघींनाही सांगितल्याप्रमाणे फळ मिळायचं असेल तर साडेतीन एकराचे सात एकर व्हायला हवेत. परीक्षेचंही तेच. वैद्यकीय प्रवेशाच्या नीट परीक्षेला 2024 साली वीस लाखांहून अधिक मुलं बसली आणि एमबीबीएसच्या जागा एका लाखाच्या थोड्या वर होत्या. आपल्या मुलासाठी जपाला बसलेल्या आईच्या मनात बाकीची लाखो मुलं नसतात, हे साहजिक आहे. पण ‘याच्या वाटेतला अडथळा दूर कर’ या वाक्यात ती मुलं आपोआप आलेली असतात.

यावर लोक दोन उत्तरं देतात. पहिलं असं, की देव न्यायी आहे, ज्याचं खरं त्यालाच तो देतो. असेल. पण मग जपाचा उपयोग काय? खऱ्याला जप न करताही मिळायला हवं आणि खोट्याला करूनही मिळता कामा नये. जपानं पारडं झुकत असेल तर त्याला वशिला म्हणतात, आणि तहसील कचेरीत तो आपल्याला चालत नाही.

दुसरं उत्तर जास्त प्रामाणिक आहे: फळाचं राहू द्या, जपानं मन स्थिर होतं. हे खरंच आहे. 2001 साली ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये इटलीतल्या काही डॉक्टरांचा एक अभ्यास आला. त्यांनी 23 निरोगी माणसांना लॅटिन भाषेत मेरीमातेची प्रार्थना म्हणायला लावली, आणि ‘ॐ मणि पद्मे हूँ’ हा बौद्ध मंत्रही. दोन्ही वेळा श्वास मिनिटाला साधारण सहावर आला आणि हृदयाची लय सुधारली. भाषा वेगळी, धर्म वेगळा, श्वास तोच. माझ्या मते याचा अर्थ असा, की स्थिरता कुठल्याही जपानं येते, मागणी काहीही असो. मग वेगळं उरतं ते मागणंच, आणि त्याची जबाबदारी मागणाऱ्यावर येते. स्थिर मनानं माणूस अन्यायही अधिक नीटपणे करू शकतो.

इथे मला आमच्या कर्मसिद्धांतातला एक शब्द फार उपयोगी वाटतो. आठ कर्मांमधलं आठवं ‘अंतराय’, म्हणजे सरळ विघ्नच. त्याचे पाच प्रकार: दानात, लाभात, भोगात, उपभोगात आणि वीर्यात येणारं विघ्न. वीर्य म्हणजे इथे काम करण्याची ताकद, उमेद. आणि हे कर्म बांधलं जातं कशानं? तत्त्वार्थसूत्राच्या सहाव्या अध्यायातलं शेवटचं सूत्र दोनच शब्दांत ते सांगतं. त्याचा आशय असा, की दुसऱ्याच्या वाटेत विघ्न आणल्यानं. बस, एवढंच.

या सूत्राकडे बघितलं की रोजचं जगणं वेगळं दिसू लागतं. सुनेला बीएडला जायचं होतं, ‘आधी घरचं बघ’ म्हणून अडवलं. मुलगा बहिणीला काही द्यायला निघाला होता, ‘कशाला एवढं’ म्हणून त्याचा हात आखडता केला. शेजारच्या रानाची पाण्याची पाळी आपल्या सोयीनं पुढे ढकलली. कचेरीतला कागद सहीविना चार दिवस खाली दाबून ठेवला. अशी विघ्नं आणणारी माणसं दुष्ट नसतात. संध्याकाळी ती हातपाय धुऊन दिव्यापुढे बसतात आणि स्वतःची विघ्नं दूर होण्यासाठी जप करतात.

पण हाच सिद्धांत दुसऱ्यावर उगारला की तो क्रूर होतो, हेही सांगायला हवं. मूल नसलेल्या एका बाईला ‘तुमचं अंतराय कर्म हो’ असं बस्तीच्या पायरीवर सांगताना मी ऐकलं आहे. सांगणारीला वाटत होतं की आपण धर्म सांगतोय. अंतरायाचा विचार स्वतःच्या आजच्या वागण्यापुरता करावा. दुसऱ्याच्या दुःखाचा मागचा हिशेब मांडायचा अधिकार आपल्याला कुणी दिलेला नाही, आणि तसं बोलणं हेसुद्धा एखादीची उमेद खचवणारं विघ्नच.

गणपतीच्या परंपरेलाही हे अनोळखी नाही. याज्ञवल्क्य स्मृतीत गणपतिकल्प नावाचं प्रकरण आहे. त्यातल्या विनायकाची नेमणूकच मुळी कामात विघ्न आणण्यासाठी झालेली आहे. त्यानं धरलं की राजपुत्राला राज्य मिळत नाही, कुमारीला नवरा मिळत नाही, शिष्याला अध्ययन, वाण्याला लाभ, शेतकऱ्याला पीक मिळत नाही. म्हणजे विघ्नकर्ता आणि विघ्नहर्ता हे दोन वेगळे देव नाहीत. रांजणगावच्या महागणपतीची कथाही हेच बोलते: त्रिपुरासुराशी लढताना शंकरालासुद्धा आधी गणपतीचं स्मरण करावं लागलं. बाप असूनही सूट नाही! विघ्न आणण्याचा अधिकार ज्याच्याकडे आहे त्याच्यापुढे हात जोडणाऱ्यानं एक शक्यता धरूनच चालावं. माझं काम अडलं आहे ते कदाचित अडायलाच हवं असेल.

जपमाळेत 108 मणी का, याचं एक उत्तर आमच्याकडे असं देतात. पाप करण्याचं ठरवणं, त्याची तयारी आणि प्रत्यक्ष आरंभ, हे तीन. ते मनानं, वाणीनं, कायेनं, म्हणून तीन. स्वतः केलेलं, करवलेलं आणि दुसरा करताना मान डोलावलेली, असे तीन. आणि क्रोध, मान, माया, लोभ हे चार. गुणाकार केला की 108 होतात. म्हणजे मणी मोजताना आपल्याच दारांची कडी लागली आहे की नाही ते बघत फिरायचं असतं. मला हे उत्तर आवडतं, कारण त्यात जप करणाराच तपासला जातो. थोरलीनं माळ घ्यावी, बारा नावंही घ्यावीत. पण प्रत्येक फेरीला ‘मी आज कुणाचं विघ्न झाले’ हा प्रश्न एकदा मनाला विचारावा. तसं केल्यानं खटला जिंकता येईल असं नाही. भिंतीत एखादं दार पाडावंसं मात्र वाटेल.

एक जागा अशी आहे, जिथे माझा हा सगळा युक्तिवाद मी गुंडाळून ठेवते. शस्त्रक्रियागृहाच्या बंद दाराबाहेर बाकावर बसून पुटपुटणारी आई. तिच्या विघ्नाला कुणाचा चेहरा नाही. तिचं मागणं पुरं झालं तर कुणाच्या ताटातलं काही कमी होत नाही. शास्त्र तिच्या व्याकुळतेला आर्तध्यान म्हणेल. पण त्याच शास्त्रानं क्लेशात असलेल्या जिवाबद्दल करुणा धरायला सांगितलं आहे. तिथे मी तिच्याशेजारी बसेन, आणि ती जे म्हणत असेल तेच तिच्याबरोबर हळू आवाजात म्हणेन.