पापाची वाटणी

१९४५ साली अमेरिकेच्या ३९३ व्या बाँबफेकी पथकाचा तळ प्रशांत महासागरातील टिनियन बेटावर होता. ९ ऑगस्ट रोजी त्यातील एका विमानाने कोकुरा शहरावर तीन फेऱ्या मारल्या. परंतु लक्ष्य दिसेना, म्हणून अणुबाँब नागासाकीवर पडला. विमान हाकणारा एक, वाट दाखविणारा दुसरा, बाँब सोडणारा तिसरा, आणि हुकूम देणारे दूर देशी. प्रत्येकाने आपले कर्तव्यच केले म्हणावे, तर सहस्रावधी निरपराध्यांच्या मृत्यूचे धनी कोण? वाल्या कोळ्याच्या पापात त्याच्या घरचे कोणीही वाटेकरी होईनात. येथे वाटेकरी पुष्कळ. परंतु काम वाटले गेले म्हणून पापही वाटले जाते काय? आम्हांस तसे वाटत नाही. पाप विस्तवासारखे आहे. वाटल्याने ते घटत नाही, प्रत्येकाच्या पदरी पूर्णच पडते.