हजर राहण्याचे ऋण

चंद्रपूर-गडचिरोलीच्या जंगलपट्ट्यात वॉरंटची सुरुवात अनेकदा किरकोळ गोष्टीतून होते. परवान्याशिवाय तोडलेला बांबू, घरासाठी आणलेले सागाचे लाकूड, मोहाची दारू, बांधावरची मारामारी. माणूस जामिनावर सुटतो, एक पेशी चुकते, मग दुसरी चुकते. कोर्ट आधी जामीनपात्र वॉरंट काढते आणि तरीही तो आला नाही तर अजामीनपात्र, म्हणजे लोकांच्या तोंडी असलेले पकड वॉरंट. ते काळाच्या ओघात आपोआप मरत नाही. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचे कलम ७२ सांगते, आणि आधीच्या दंड प्रक्रिया संहितेचे कलम ७० हेच सांगत होते, की काढणाऱ्या कोर्टाने रद्द करेपर्यंत किंवा बजावणी होईपर्यंत वॉरंट जिवंत राहते. चंद्रपूर जिल्ह्यात १ एप्रिल २०१५ पासून दारूबंदी होती आणि २०२१ साली ती उठली. दुकाने उघडली म्हणून त्या सहा वर्षांतले खटले मिटले नाहीत, आणि त्यांतल्या चुकलेल्या पेशीही पुसल्या गेल्या नाहीत. सरकारने आपले मत बदलले, तरी हजर न राहिलेल्या माणसाच्या माथी काही उरते का? हा प्रश्न कायद्याइतकाच धर्माचा आहे. माझे उत्तर असे, की उरते. मात्र जे उरते ते एकट्या आरोपीचे नसते.

आधी दोन दोष वेगळे करायला हवेत. एक मूळ आरोपाचा. तो खरा की खोटा हे ठरायचे असते आणि वॉरंट त्याबद्दल अवाक्षरही काढत नाही. दुसरा शब्द मोडल्याचा. जामिनावर सुटताना माणूस बंधपत्रावर सही किंवा अंगठा करतो आणि नेमल्या तारखेला येईन असे मान्य करतो. हे वचन निर्दोष माणसालाही बांधते, कारण ते गुन्ह्याबद्दलचे नाहीच. बांबू तोडला की नाही यावर दहा वर्षे वाद चालेल, पण पेशीला गेलो नाही यावर वाद नसतो. म्हणून मूळ खटला क्षुल्लक होता, खोटा होता, आता कालबाह्य झाला, अशी कारणे दुसऱ्या दोषापर्यंत पोहोचतच नाहीत. मात्र कायदा इथे आंधळा नाही. जामिनावर सुटून गैरहजर राहणे हा भारतीय न्याय संहितेच्या कलम २६९ नुसार गुन्हा ठरतो, तो पुरेसे कारण नसेल तरच. म्हणजे वचन मोडणे आणि वचन पाळता न येणे यांतला फरक कायद्यालाही कळतो.

हे ऋण फिटते कसे, याचे उत्तर आपल्या परंपरेत आहे. महाभारताच्या शांतिपर्वात लिखित हा धाकटा भाऊ थोरल्या शंखाच्या आश्रमातली फळे न विचारता खातो. शंख त्याला राजाकडे जाऊन दंड मागायला सांगतो. सुद्युम्न राजा क्षमा करायला तयार असतो, पण लिखित ऐकत नाही आणि त्याचे हात तोडले जातात. पुढे नदीवर तर्पण करताना ते पुन्हा येतात. फळांसाठी हात तोडणारा न्याय आज कोणालाही मान्य होणार नाही. पण कथेचा भर शिक्षेवर नाही, चालत जाण्यावर आहे. लिखिताला कोणी पकडून आणले असते तर दंड तोच झाला असता, पण हात परत येण्याला काही अर्थ उरला नसता. १६ ऑक्टोबर १९५६ रोजी बाबासाहेब आंबेडकरांनी याच चंद्रपुरात, तेव्हाच्या चांद्यात, बौद्ध धम्माची दीक्षा दिली. त्या धम्मातही भिक्षुसंघापुढे पातिमोक्खाचे, म्हणजे भिक्षूंच्या नियमांचे, पठण होण्याआधी आपला दोष आपण सांगायचा असतो. दोन्ही परंपरा एकमेकींशी भांडत आल्या, पण स्वतःहून पुढे येणाऱ्याला आणि ओढून आणलेल्याला एका मापाने मोजू नये, यावर त्यांचे एकमत आहे.

यावर पहिला आक्षेप जंगलातूनच येतो. १९२७ चा वन कायदा इंग्रजांनी केला, पिढ्यान्‌पिढ्या वापरलेले रान त्याने सरकारचे केले, मग त्या कायद्याच्या कोर्टापुढे मान का तुकवायची? आक्षेपात तथ्य आहे. धानोरा तालुक्यातल्या मेंढा (लेखा) गावाला २००९ साली सामूहिक वनहक्क मिळाले आणि २०११ साली बांबूच्या वाहतूक परवान्यांचे पुस्तक ग्रामसभेच्या हाती आले. जे कालपर्यंत गुन्हा होते ते हक्क झाले. पण तो हक्क मिळाला समोर उभे राहून, ग्रामसभेचा ठराव आणि वनहक्क कायद्याची कलमे पुढे करून. १९२२ साली अहमदाबादच्या कोर्टात गांधीजींनी राजद्रोहाचा आरोप कबूल केला आणि न्यायाधीशाकडे जास्तीत जास्त शिक्षा मागितली. कायदा त्यांनी नाकारला, हजेरी नाकारली नाही. अन्यायी कायद्याविरुद्धचा सर्वांत बळकट पुरावा म्हणजे त्याच्यापुढे उभा असलेला माणूस. तो गैरहजर राहिला की कागदावर फक्त फरारी उरतो.

दुसरा आक्षेप अधिक जड आहे. भामरागडहून गडचिरोली दीडशे किलोमीटरहून दूर. पावसाळ्यात पर्लकोटा नदीला पूर आला की भामरागडचा संपर्क तुटतो. एका पेशीत रोजी बुडते, भाड्याला उसनवारी होते. समन्स मराठीत आणि घरातली भाषा माडिया. त्यात नक्षली आणि पोलीस यांच्यामध्ये सापडलेल्या गावात ठाण्याची पायरी चढायचीच भीती. अशा माणसाकडून लिखिताची अपेक्षा करायची का? आक्षेप खरा आहे, पण त्यातून निघते ते एवढेच की बोलावणाऱ्यावरही बंधन आहे. १९७८ च्या मोतीराम खटल्यात न्या. कृष्ण अय्यर यांनी गरीब गवंड्याकडून मोठा जामीन मागणे आणि जामीनदार दुसऱ्या जिल्ह्यातला म्हणून नाकारणे चूक ठरवले. २००७ साली इंदर मोहन गोस्वामी खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सांगितले, की अजामीनपात्र वॉरंट सरधोपट काढू नये. आधी समन्स, मग जामीनपात्र वॉरंट, असा क्रम असावा. या दोन निकालांचा आशय एकच: हजर राहण्याचे वचन घ्यायचे तर हजर राहणे शक्य असले पाहिजे.

म्हणून ऋण फेडण्याची पहिली पायरी चौकशीची. आपल्या नावावर वॉरंट आहे का, हे ई-कोर्टवर खटल्याची स्थिती पाहून, कोर्टातल्या फौजदारी लिपिकाकडून किंवा वकिलामार्फत कळते. अनुसूचित जमातीच्या व्यक्तीला, स्त्रीला आणि कोठडीतल्या माणसाला उत्पन्न न पाहता मोफत वकील मिळण्याची तरतूद १९८७ च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्याच्या कलम १२ मध्ये आहे आणि त्यासाठी जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे अर्ज करता येतो. मग वकिलासह त्याच कोर्टात जायचे, गैरहजेरीचे खरे कारण कागदासह सांगायचे, वॉरंट रद्द करण्याचा अर्ज द्यायचा आणि पुढे दर तारखेला येणे अशक्य असेल तर नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ३५५ खाली सूट मागायची. कोर्ट दंड लावेल, नवा जामीन मागेल, क्वचित कोठडीही देईल. हमी कोणी देऊ शकत नाही. पण आपण होऊन आलेल्याला पकडून आणलेल्यासारखे वागवणारे कोर्ट बाकीच्या गैरहजरांना दूर राहण्याचाच धडा देते. येणे हा आरोपीचा धर्म, आणि आलेल्याचे येणे मोलाचे मानणे हा न्यायासनाचा. दुसरा सुटला तर पहिल्याची सक्ती करण्याचा नैतिक अधिकार राज्याला उरत नाही.